फोर-व्हील ड्राइव्ह: कधी लावायची, कधी नाही

कॅडेट मित्रांनो, सैन्यातल्या गाडीचं चित्र काढायला सांगितलं तर तुमच्यातले बरेच जण जीप किंवा जिप्सी काढतील. दुसऱ्या महायुद्धात विलिस जीप आली. पुढे तिचीच भावंडं भारतात महिंद्राने बनवली. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत निसान पेट्रोलच्या धर्तीवर जोंगा तयार झाली आणि १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी बाजारात आली. या सगळ्या गाड्यांत गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक दांडा असे. तो ओढला की इंजिनचा जोर चारही चाकांना मिळे.

आज तोच दांडा थार आणि जिम्नीच्या रूपाने आपल्या घरांपुढे उभा आहे. त्यामुळे पालक एक प्रश्न हमखास विचारतात: रोजच्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावूनच गाडी चालवली तर ती जास्त सुरक्षित नाही का? या गाड्यांपुरतं उत्तर आहे, नाही. उलट कोरड्या डांबरावर ती लावूच नये. का, ते समजायला पायथागोरसचा सिद्धांत पुरेसा आहे.

जोर कसा वाटला जातो

साध्या गाडीत इंजिन दोनच चाकं फिरवतं. गाडीच्या वजनाचा साधारण अर्धा भाग त्या दोन चाकांवर असतो, म्हणून पकडही तेवढीच मिळते. चिखलात ती कमी पडली की चाक जागच्या जागी फिरतं आणि खड्डा करून बसतं. चारही चाकांना जोर दिला की गाडीचं सगळं वजन कामी येतं. एकेका चाकावर ओढण्याचा भार कमी पडतो आणि ते सहसा घसरत नाही.

जोराची ही वाटणी ट्रान्सफर केस नावाची पेटी करते. तिच्यावर तीन खुणा असतात. '२ एच' म्हणजे दोन चाकं, रोजचा रस्ता. '४ एच' म्हणजे चार चाकं, नेहमीचा वेग. '४ एल' म्हणजे चार चाकं, पण फार हळू आणि फार जोरात. खोल चिखल, खडा चढ किंवा अडकलेली गाडी ओढायची असेल तेव्हा.

पुरानी बस्तीचं वळण

आता गाडी वळवून पाहू. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपूरमध्ये मराठी घरं आहेत. तिथल्या पुरानी बस्तीत महामाया मंदिराच्या परिसरातले जुने रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना काटकोनी वळणावर स्टिअरिंग पूर्ण कापणं म्हणजे काय ते सांगायला नको. आपल्या पुण्या-नाशकाच्या जुन्या पेठांतही तेच.

समजा, अशा वळणावर मागच्या आसाचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जातो आहे. थारच्या पुढच्या आणि मागच्या आसांत २.४५ मीटर अंतर आहे. मग पुढच्या आसाच्या मध्याची त्रिज्या किती? ५ चा वर्ग २५, २.४५ चा वर्ग सुमारे ६. बेरीज ३१ आणि तिचं वर्गमूळ ५.५७. म्हणजे पाव वर्तुळाच्या वळणात मागचा आस ७.८५ मीटर जातो, तर पुढचा ८.७५ मीटर. फरक ९० सेंटीमीटरचा. एका छोट्या वळणात पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जवळपास एक मीटर जास्त चालावं लागतं.

'२ एच'मध्ये याने काहीच बिघडत नाही, कारण पुढची चाकं मोकळी असतात. '४ एच'मध्ये मात्र ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधते. दोघांना एकाच वेगाने फिरावंच लागतं. हे ९० सेंटीमीटर मग जातात कुठे? चिखलात, वाळूत किंवा सुट्या खडीवर एखादं चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरडं डांबर टायरला घसरू देत नाही. तो पीळ शाफ्ट, त्यांचे जॉइंट आणि गिअरचे दाते यांच्यात साठत जातो.

त्याची लक्षणं ओळखायला सोपी आहेत. स्टिअरिंग जड होतं, टायर कुरकुरतात, गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी अडते, कधी हिसका देते. दांडा '२ एच'वर यायला तयार होत नाही. अशा वेळी तो ताकदीने ओढू नये. स्टिअरिंग सरळ करून, मागे नीट पाहून, गाडी काही मीटर सावकाश मागे घ्यावी. साठलेला पीळ सुटतो आणि दांडा सहसा मोकळा होतो. हे रोज घडू दिलं तर टायर लवकर झिजतात आणि ट्रान्सफर केसचं काम निघतं.

सगळ्या गाड्या एकसारख्या नाहीत

वर सांगितलेल्या प्रकाराला पार्ट-टाइम म्हणतात. जिप्सी, जिम्नी आणि फोर-बाय-फोर थार या प्रकारात येतात. दुसरा प्रकार फुल-टाइम. १९७० ची रेंज रोव्हर आणि १९८० ची ऑडी क्वाट्रो ही त्याची नावाजलेली उदाहरणं. त्यांच्यात पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये आणखी एक डिफरन्शियल असतं. ते पुढच्या चाकांना जास्त फिरू देतं, म्हणून या गाड्या चारही चाकांच्या जोरावर डांबरावर खुशाल धावतात. तिसरा प्रकार गरजेपुरता. त्यात एरवी दोन चाकं चालतात. चाक घसरू लागलं की क्लच आपोआप उरलेल्या दोन चाकांना जोर देतो. आपल्याकडे २०१४ मध्ये आलेल्या डस्टरच्या ऑल-व्हील मॉडेलमध्ये अशी सोय होती.

म्हणून शेजाऱ्याची गाडी डांबरावर चारही चाकांनी चालते म्हणून आपलीही चालेल असं समजू नये. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे ते गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असतं. तिचाच शब्द अखेरचा मानावा.

निघणं वेगळं, थांबणं वेगळं

आता सर्वांत महत्त्वाचं. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे जायला मदत करते. थांबायला नाही. ब्रेक तर प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतात. त्यात फोर-बाय-फोर गाडी काही वेगळी नाही.

हिशेब पाहा. गाडी ताशी ६० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर वेगाने चालली आहे. कोरड्या रस्त्यासाठी घर्षणांक ०.७ धरला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत सुमारे २० मीटर लागतात. ओल्या रस्त्यासाठी ०.४ धरला तर सुमारे ३५ मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदाचे १७ मीटर वेगळे. या हिशेबात किती चाकांना इंजिनचा जोर आहे हा आकडा कुठेच येत नाही. येतो तो वेग आणि टायरची पकड.

खरा धोका इथेच आहे. पावसात दोन चाकांची गाडी निघतानाच चाक फिरवून चालकाला सावध करते. चार चाकांची गाडी मात्र त्याच निसरड्या रस्त्यावर झटकन वेग घेते आणि पकड भरपूर आहे असं वाटतं. ती कमी आहे हे कळतं पहिल्या ब्रेकला किंवा पहिल्या वळणावर. रायपूरहून जगदलपूरला जाताना लागणारा केशकाल घाट असो की आपला कसारा, पावसाळ्यात तिथे कामी येतात कमी वेग, खालचा गिअर आणि चांगले टायर.

लक्षात ठेवायचे नियम

पार्ट-टाइम गाडी असलेल्या घरांसाठी थोडक्यात:

१. कोरड्या डांबरावर आणि काँक्रीटवर नेहमी '२ एच'. साध्या ओल्या डांबरावरही तेच. अरुंद वळणावर तिथेही पीळ साठतो.

२. चिखल, वाळू, सुटी खडी, रस्त्यावर आलेला गाळ इथे '४ एच'. पक्का रस्ता लागताच परत '२ एच'.

३. '४ एच' चिखलात शिरण्याआधी लावावी, अडकल्यावर नाही. '४ एल' लावताना गाडी कशी उभी करायची ते पुस्तिकेप्रमाणे.

४. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे असावेत, हवाही पुस्तिकेप्रमाणे. चाकांचा घेर बदलला तर '४ एच'मध्ये सरळ रस्त्यावरही पीळ येतो.

५. दांडा महिनोन् महिने न वापरता ठेवू नये. अधूनमधून मातीच्या मैदानावर '४ एच' लावून थोडं अंतर चालवावं, म्हणजे आतल्या भागांना तेल मिळतं.

कॅडेट मित्रांनो, तुमचं परवान्याचं वय १८ आहे, तोवर हातात स्टिअरिंग घ्यायचं नाही. पण सुट्टीत घरी गेल्यावर गाडीची पुस्तिका उघडा, दोन आसांमधलं अंतर शोधा आणि वरचं गणित तुमच्या गाडीसाठी करून पाहा. आलेलं उत्तर आई-बाबांना समजावून सांगा. आणि पावसाळ्यात ते फोर-व्हीलच्या भरवशावर वेग वाढवू लागले, तर ब्रेकचं गणितही ऐकवा.