इंजेक्शनच्या बाटलीतला रंग

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी "रेडिओ नको, नुसती एरियल द्या" म्हटलं, तर पथारीवरचे काका आधी आपल्याला नीट न्याहाळून घेतात. "रंग उडवायला लागते," हे माझं उत्तर त्यांना पटलं असेल असं वाटत नाही. पण त्यांनी एरियल काढून दिली.

ट्रान्झिस्टरची लांब होणारी एरियल म्हणजे एकात एक सरकणाऱ्या पितळी नळ्या, वरून क्रोमचा चकचकीत मुलामा. सगळ्यांत आतली कांडी बहुधा भरीव असते, ती बाजूला ठेवायची. बाकीच्या नळ्यांपैकी एक तरी एअरब्रशच्या भोकाच्या मापाला जवळ येते. माझ्या ब्रशला हवी होती साडेचार मिलीमीटरची, आणि तिसरी नळी जवळजवळ तेवढीच निघाली.

मी प्लॅस्टिकची छोटी विमानं जोडतो आणि रंगवतो. माझा एअरब्रश खालून रंग ओढणारा आहे. पुढच्या तोटीतून हवा जोरात सुटते, तिथला दाब उतरतो आणि खाली लटकवलेल्या बाटलीतला रंग नळीतून वर चढतो. ब्रशबरोबर बाटली मिळाली एकच. एका विमानाला पाच रंग, म्हणजे पाच वेळा बाटली रिकामी करा, धुवा, पुसा, पुन्हा भरा. रंगवायला वीस मिनिटं आणि धुण्यात सगळी दुपार. जादा बाटल्या विकत मिळतात, पण घरात रिकाम्या बाटल्या पडलेल्या असताना त्यांना पैसे मोजायला मन होईना.

तशी या यंत्राची सुरुवातही जुळवाजुळवीतूनच झाली. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या ॲब्नर पीलर यांनी 1879 मध्ये आपला रंग उडवणारा ब्रश बनवला, तो सोनारकामाच्या जागी पडलेले सुटे भाग जोडून. मी तर फक्त बाटली करायला बसलो होतो.

पहिला प्रश्न भांड्याचा. पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचा कप घेतला, त्यात थिनर ओतला, आणि चहा उकळायच्या आत कपाचा तळ चिकट होऊन टेबलाला बसला. मग काच घ्यायची ठरवली. इंजेक्शनची 10 मिलीलीटरची रिकामी बाटली कामाला अगदी योग्य. वरचं ॲल्युमिनियमचं कडं पकडीनं सोलून काढलं की आत रबरी बूच असतं. नळी त्या बुचातून घट्ट जाते, डाग द्यायला नको आणि गळतीही नाही.

नळी कापताना करवत वापरली तर टोक दबतं. त्याऐवजी नळी पाटावर ठेवून तिच्यावर कटरचं पातं टेकवायचं आणि पोळी लाटल्यासारखी नळी मागेपुढे फिरवायची. चर खोल होत जाते आणि नळी स्वच्छ तुटते. आतल्या कडेला धारदार कंगोरा राहतो, तो बारीक कानशीनं काढायचा, नाहीतर रंग तिथेच साठून वाळतो. वरचं टोक ड्रिल मशीनमध्ये धरून पॉलिश पेपरनं जरासं निमुळतं करायचं. ते ब्रशच्या भोकात दाबून किंचित पिळलं की अडकलं पाहिजे आणि उलट पिळलं की सुटलं पाहिजे. या बसण्यात कुठेही गोंद नाही, आटे नाहीत.

नळी सरळ ठेवून चालत नाही. रंगवताना ब्रशचं तोंड खाली झुकतं, बाटलीही त्याबरोबर तिरकी होते आणि रंग एका कडेला जातो. म्हणून नळीला थोडा बाक द्यावा लागतो. पितळ तसंच वाकवलं तर चेपतं. गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून गार केलं की ते मऊ पडतं. मग नळीत बारीक मीठ ठासून भरायचं, दोन्ही तोंडं बंद करायची आणि स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याभोवती हळूहळू वळवायचं. मीठ नंतर पाण्यानं धुऊन जातं. खालचं टोक कलमासारखं तिरकं कापायचं. सपाट टोक काचेच्या तळावर बसलं, तर ते स्वतःच आपलं तोंड बंद करून घेतं.

एवढं सगळं करून दुधाइतका पातळ रंग भरला, कंप्रेसर वीस पीएसआयवर लावला. अर्धा मिनिट सुरेख फवारा आला. मग तो विरळ झाला आणि थांबला. तोटी काढून धुतली, सुई पुसली, रंग आणखी पातळ केला, दाब वाढवला. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट चालायचं आणि बंद पडायचं. तासाभरानं वैतागून बूच उपटलं, तर फस्स आवाज करून हवा आत शिरली.

चूक तिथे होती. रंग बाहेर जातो तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही, की बाटलीतला दाबही उतरतो आणि नळीतून रंग चढायचं कारणच उरत नाही. विकतच्या बाटलीच्या झाकणाला टाचणीएवढं भोक असतं, ते मी रोज पाहत होतो, पण कधी मोजलंच नव्हतं.

मग रबराला सुईनं भोक पाडलं. सुई काढताच ते मिटलं. मिटणारच, ते बूच बनवलंय त्यासाठीच! शेवटी औषधाच्या दुकानातून नवी इंजेक्शनची सुई आणली, तिची टोकदार बाजू कापली आणि तेवढी आखूड पोकळ नळी बुचात कायमची रोवून ठेवली. बाटली झुकल्यावर जी बाजू वर राहते, त्या बाजूला. त्या दिवशी पूर्ण बाटलीभर रंग एका दमात उडाला.

आता माझ्याकडे अशा सहा बाटल्या आहेत, ॲक्रिलिक रंगांसाठी. थिनरवर चालणाऱ्या रंगांनी रबर फुगतं, म्हणून त्यांच्यासाठी जॅमच्या चिमुकल्या बाटल्या घेतल्या. त्यांच्या पत्र्याच्या झाकणावरचा रंग खरवडून नळीला कथलाचा डाग दिला. नळीवरचा क्रोमही आधी घासावा लागतो, त्याला कथील धरत नाही. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि मास्क लावूनच करतो.

तुम्ही करून पाहणार असाल, तर नव्या बाटलीत आधी साधं पाणी भरा. ते अर्धा मिनिट नीट उडून थांबलं, तर तोटी खोलायला बसू नका. आधी झाकणाचं भोक बघा.