श्रमाने वाकणारी पाठ : मर्दन आणि काठीची कसोटी

नांगराचा फाळ बोथट झाला, की शेतकरी तो लोहाराकडे नेतो. बैलाचा पाय दुखावला, की त्याला जुवाखाली घेत नाही. परंतु ज्या पाठीवर साऱ्या शेतकामाचा भार पडतो, तिच्या दुखण्याकडे मात्र ती जखडून जाईपर्यंत लक्ष दिले जात नाही. खुरपणी, भातलावणी व ऊसतोडणी ही कामे तासन्‌तास वाकून करावी लागतात. त्यांपैकी खुरपणी व लावणी बहुतांशी स्त्रियाच करतात. ऐन हंगामात कंबर धरली, तर मजुरी बुडते आणि शेतीचे कामही खोळंबते. जगात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लक्ष लोकांना कंबरदुखी होती. म्हणून या दुखण्याची कारणे व त्यावरील साधे उपाय प्रत्येक ग्रामकार्यकर्त्यास ठाऊक असणे आवश्यक आहे.

कण्याची रचना

पाठीच्या कण्यात ३३ मणके असतात. त्यांपैकी वरचे २४ मणके हलणारे असून खालचे ९ मणके एकमेकांस जुळून त्यांची दोन हाडे झालेली असतात. हलणाऱ्या मणक्यांमध्ये लवचीक गाद्या असतात. मानेच्या तळापासून कंबरेपर्यंत कण्याच्या दोन्ही बाजूंस स्नायूंचे लांब पट्टे असून ते तंबूच्या दोरांप्रमाणे कण्यास ताणून धरतात.

मनुष्य पुढे वाकला, की धडाचा व डोक्याचा सर्व भार तोलून धरण्याचे काम या स्नायूंवर पडते. हातातील ओझे शरीरापासून जितके दूर, तितका कंबरेवरील ताण अधिक. पहारीचे टोक लांब धरल्यास जसा जोर वाढतो, तसाच हा प्रकार आहे. थोडा वेळ वाकल्याने अपाय होत नाही. परंतु एकाच स्थितीत दीर्घकाळ राहिल्यास स्नायू थकतात, आखडतात व दुखू लागतात. दुखण्याच्या भीतीने मनुष्य अंग चोरून चालतो आणि ती वाकडी चाल हळूहळू अंगवळणी पडते.

मर्दनाने काय साधते व काय साधत नाही

तेल लावून अंग चोळण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. मर्दनाने आखडलेले स्नायू सैल पडतात, वेदना काही काळ कमी होते आणि अंग मोकळे हलविता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत व्यायाम व रुग्णास योग्य माहिती देणे यांबरोबरच मर्दनासही स्थान दिले आहे. उलट कंबरेस पट्टा बांधणे आणि वजने लावून कंबर ताणणे हे उपाय नेहमीच्या उपचारात करू नयेत, असे त्यांत सांगितले आहे.

तथापि मर्दनाने सरकलेला मणका जागेवर बसतो, ही समजूत बरोबर नाही. तसेच केवळ मर्दनाचा गुण फार काळ टिकत नाही. यासंबंधी इंग्लंडमध्ये ५७९ रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यात काही रुग्णांस मर्दन देण्यात आले. काहींस अलेक्झांडर पद्धतीचे धडे देण्यात आले. या पद्धतीत शिक्षक मान, डोके व पाठ यांवर हलका हात ठेवून उठणे, बसणे व वाकणे शिकवितो. एक वर्षानंतर नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांची कंबर चार आठवड्यांतून २१ दिवस दुखत होती. मर्दन घेतलेल्यांचे दुखण्याचे दिवस त्याहून ७ ने, तर २४ धडे घेतलेल्यांचे १८ ने कमी झाले. दुसऱ्याच्या हाताने मिळालेला आराम स्वतःच्या सवयीत उतरला, तरच तो टिकतो, हा यातून घ्यावयाचा बोध होय.

मर्दनाची रीत

ज्याचे अंग चोळावयाचे, त्यास सतरंजीवर पालथे निजवावे व पोटाखाली कापडाची घडी ठेवावी. कोमट तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल तळहातास लावून कण्याच्या दोन्ही बाजूंनी कंबरेपासून खांद्यापर्यंत संथपणे हात फिरवावा. नंतर आखडलेल्या जागी अंगठ्याने गोलाकार दाब द्यावा. कुल्ला व मांडीची मागील बाजूही चोळावी, कारण तेथील ताण कंबरेस ओढतो. दहा ते पंधरा मिनिटे पुरेशी होत. दाबताना मनुष्य श्वास रोखू लागला किंवा अंग आखडू लागला, तर दाब जास्त होत आहे असे समजून तो कमी करावा.

प्रत्यक्ष कण्याच्या हाडावर जोर देऊ नये. पाठीवर मूल उभे करून तुडविण्याची चाल सोडून द्यावी. वृद्धांची हाडे ठिसूळ झालेली असल्यास त्यामुळे मणका मोडू शकतो. मानेस झटका देऊन ती ‘मोडणे’ तर अत्यंत धोक्याचे आहे. ताप असता, जखमेवर, अथवा एकच पोटरी सुजून दुखत असता मर्दन करू नये. गर्भवती स्त्रीने आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

काठीची कसोटी

वाकण्याची योग्य रीत शिकविण्यास एक सरळ काठी पुरते. काठी पाठीवर उभी धरावी. डोक्याची मागील बाजू, खांद्यांच्या फऱ्यांमधील भाग आणि कंबरेखालचे हाड अशा तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे. आता गुडघे किंचित वाकवून, कुल्ले मागे सारून, जांघेतून वाकावे. तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली राहिली, तर वाकणे बरोबर आहे. एखादी जागा सुटली, तर शेजारच्या व्यक्तीने तेथे तळहात टेकवून ती जाणीव करून द्यावी. मात्र ढकलू नये. रोज दहा वेळा असे केल्यास थोड्याच दिवसांत काठीवाचूनही अंगास वळण लागते.

एकच एक आदर्श अंगस्थिती दिवसभर धरून ठेवावी, असा याचा अर्थ नव्हे. अर्ध्या तासाने उभे राहून हात कंबरेवर ठेवावेत व पाठ हलकेच मागे झुकवावी. एक ओळ बसून, तर दुसरी ओळ उभ्याच्या अवजाराने, असे काम आलटून पालटून करावे.

अवजार व ओझे

अवजार आखूड असेल, तर कितीही मर्दन केले तरी पाठ पुन्हा दुखणारच. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात भाजीपाल्याच्या शेतांत मजुरांस आखूड दांड्याचे कुदळे वापरावे लागे. त्याने पाठी कायमच्या अधू होतात, अशी तक्रार मजुरांनी न्यायालयापर्यंत नेली आणि १९७५ साली त्या अवजारावर बंदी आली. लांब दांड्याच्या कुदळ्यांनी तेच काम होऊ लागले. आपल्याकडेही ओळीत पेरलेल्या पिकात सायकल कोळपे उभ्याने चालविता येते. त्यामुळे वाकून करावयाची खुरपणी पुष्कळच कमी होते.

ओझ्याबाबतही विचार हवा. अनुकूल परिस्थितीतही एका माणसाने उचलण्याच्या वजनाची मर्यादा अमेरिकेतील तज्ज्ञांनी २३ किलो धरली आहे. युरियाची गोणी ४५ किलोची असते. ती दोघांनी उचलणे यात कमीपणा नाही. ओझे अंगाजवळ धरावे व उचलताना कंबरेत पिळा देऊ नये.

दवाखान्यात केव्हा जावे

कंबरदुखीबरोबर पायातील शक्ती कमी होणे, जांघेभोवती बधिरता येणे, अथवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे ही लक्षणे दिसली, तर मर्दन करीत न बसता रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. विलंब झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते. झाडावरून अगर विहिरीत पडल्यानंतरची पाठदुखी, तापासह येणारी पाठदुखी आणि वजन घटत असतानाची पाठदुखी यांचीही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी. मणक्याचा क्षय हेही तिचे एक कारण असू शकते, आणि वेळीच औषध घेतल्यास तो बरा होतो.

ग्रामकार्यकर्त्यांनी लावणीच्या व खुरपणीच्या हंगामापूर्वी गावात काठीच्या कसोटीचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. स्त्रियांसाठी ते आशा कार्यकर्ती अथवा बचत गटातील भगिनींच्या मदतीने निराळे घ्यावे. त्याच वेळी गावातील खुरपी, कुदळी व कोळपी यांचे दांडे पाहून आखूड असतील ते बदलवून घ्यावेत. एका दांड्यास लागणारा खर्च हंगामातील एका बुडालेल्या मजुरीहून अधिक नसतो.