गाठीतल्या पेशी : मारणाऱ्या आणि अडवणाऱ्या

अन्ननलिका : घशापासून जठरापर्यंतची स्नायूंची नळी. मोठ्या माणसात लांबी सुमारे २५ सेंमी.

तिच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार दोन : स्क्वॅमस सेल कार्सिनोमा बहुधा वरच्या व मधल्या भागात होतो. तंबाखू, दारू, सुपारी ही त्याची कारणं; भारतात हाच जास्त आढळतो. अ‍ॅडिनोकार्सिनोमा खालच्या टोकाला होतो. जठरातलं आम्ल वर्षानुवर्षं वर येत राहिलं की त्याचा धोका वाढतो.

कर्करोगाच्या गाठीत कर्कपेशींबरोबर रोगप्रतिकारक पेशीही असतात :

• मारक टी पेशी (सीडी८) : कर्कपेशी ओळखतात, तिला चिकटतात, तिच्या आवरणाला भोकं पाडून आत विकरं सोडतात. कर्कपेशी मरते.

• नियामक टी पेशी : एरवी शरीराच्या स्वतःच्या पेशींवरचा हल्ला थोपवतात. गाठीत मात्र मारक पेशींनाच रोखतात. यांच्याविषयीच्या शोधांसाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५चं नोबेल.

• मॅक्रोफेज : मुळात भक्षक पेशी. गाठीतल्या रसायनांमुळे पालटतात आणि गाठीत नव्या रक्तवाहिन्या तयार व्हायला मदत करतात.

पीडी-१ : टी पेशीवरचा ब्रेक. कर्कपेशी पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करून तो दाबते. टी पेशी शेजारी असूनही थंडावते. पीडी-१चा शोध तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेतला, १९९२. जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासह त्यांना २०१८चं नोबेल.

औषधं : पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब. ब्रेक सोडवतात, कर्कपेशीला थेट मारत नाहीत. केमो-रेडिएशननंतरही शस्त्रक्रियेत काढलेल्या भागात कर्कपेशी सापडलेल्या रुग्णांच्या चेकमेट-५७७ चाचणीत रोगमुक्त काळाचा मध्यांक निवोलुमॅबने २२.४ महिने, औषधाविना ११ महिने.