एक आणा पट्टी आणि गांवचा पंतोजी

महाराष्ट्रांतील खेडेगांवांच्या जुन्या दप्तरांत सनदा, महजर व निवाडे शोधीत असतां संग्राहकाच्या हातीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील साऱ्याच्या पावत्यांचे गठ्ठे हटकून येतात. ते इंग्रजी अमदानींतले व एकसारखे, म्हणून बहुधा बाजूस टाकले जातात. परंतु साऱ्याबरोबर 'लोकल फंड' या नांवाची जी लहानशी रक्कम वसूल होत असे, तिचा अर्थ नीट लावला म्हणजे तीन प्रश्नांवर प्रकाश पडतो. गांवच्या शाळेचा खर्च कोणीं सोसला, मास्तराचा धनी कोण होता, आणि पैसा देणाऱ्या रयतेस शाळा मागण्याचा हक्क केव्हां मिळाला? या रकमेमागचे कायदे क्रमानें उलगडून दाखविण्याचें प्रस्तुत लेखांत आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कायद्यापूर्वींची स्थिति पाहूं. मुंबई इलाख्यांतील देशी शाळांची जी चौकशी सरकारनें इ. स. १८२० ते १८३० या दशकांत केली, तिचे कागद रा. वि. परुळेकर यांनीं १९४५ सालीं प्रसिद्ध केले. त्यांवरून असें दिसतें कीं, गांवच्या पंतोजीस सरकारची नेमणूक बहुधा नसे. मुलांच्या पालकांनीं दिलेला थोडा पैसा, धान्य व सणावारीं मिळणारा शिधा यांवर त्याचा निर्वाह चाले. पंतोजी गांवाचा आश्रित होता; शाळा चालणें किंवा मोडणें हें गांवाच्या ऐपतीवर व इच्छेवर अवलंबून असे. यांत कायद्याचा संबंध कोठेंच येत नाहीं.

तो संबंध इ. स. १८६३ पासून आला. सर बार्टल फ्रिअर हे मुंबईचे गव्हर्नर असतां जमीनसाऱ्याच्या दर रुपयावर एक आणा जादा पट्टी बसविण्यास आरंभ झाला. प्रथम ही पट्टी केवळ सरकारी हुकमानें घेतली जात असे. १८६९ सालच्या मुंबई इलाख्याच्या तिसऱ्या ॲक्टानें तिला कायद्याचें बळ आलें. उत्पन्नाचे तीन भाग कल्पून दोन भाग रस्ते व इतर लोकोपयोगी कामांकडे आणि एक भाग शाळांकडे लावावा, अशी वांटणी होती. उदाहरणार्थ, ज्या खातेदाराचा सारा २४ रुपये, त्याची पट्टी १ रुपया ८ आणे होई. पैकीं ८ आणे शाळेचे. हाच हिशेब कोणत्याही पावतीस लावावा, म्हणजे त्या कुळाकडून शिक्षणाप्रीत्यर्थ सालीना काय गेलें हें तत्काळ कळतें.

या व्यवस्थेचे तीन परिणाम ध्यानांत घेण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, शाळेचा पैसा मुलांच्या संख्येवर न ठरतां जमिनीच्या आकारावर ठरूं लागला. डोंगरी व हलक्या जमिनीच्या मुलखांत सारा थोडा, म्हणून फंडही थोडा. दुसरा असा कीं, सारा न देणारा शहरांतील व्यापारी व सावकार या पट्टींतून सुटला. भार सर्व कुणब्यावर पडला. तिसरा परिणाम सर्वांत महत्त्वाचा. पट्टीचा पैसा एकत्र जमा होऊन मग वांटला जाई. त्यामुळें ज्या गांवीं शाळा नाहीं, त्या गांवासही ती चुकत नसे. पट्टी देणें सक्तीचें होतें, पण तिच्या मोबदल्यांत शाळा देणें कोणावरही सक्तीचें नव्हतें.

ही विषमता जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें आपल्या निवेदनांत स्पष्टपणें मांडली. सरकारी वसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येतो व त्याचा लाभ वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणास होतो, हें त्यांचें मुख्य गाऱ्हाणें होतें. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें. लोकल फंडाचा निम्मा हिस्सा त्याच कामीं लावावा. मास्तर शक्य तों शेतकरी वर्गांतून घ्यावे व त्यांस दरमहा बारा रुपयांहून कमी पगार नसावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. तृतीयांशाऐवजीं अर्धा भाग मागणारें हें कलम पावत्यांवरील आण्यांशीं ताडून पाहिलें, म्हणजे त्या निवेदनाचें व्यवहारी स्वरूप लक्षांत येतें.

१८८४ च्या कायद्यांनीं लोकल बोर्डें व म्युनिसिपालिट्या यांची नवी घडी बसली आणि शाळांचा खर्च त्यांजकडे गेला. तरी खेड्यांतील मास्तरांवर शिक्षणखात्याचीच हुकमत राहिली. पुढें गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ च्या मार्चांत वरिष्ठ कायदेमंडळांत आपलें बिल मांडलें. तें अत्यंत सावध होतें. सक्ती करावयाची ती स्थानिक संस्थांनीं, सरकारच्या पूर्वसंमतीनें, व प्रथम सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरतीच. खर्चाचे दोन भाग सरकारनें व एक भाग स्थानिक संस्थेनें सोसावा, असा त्यांचा बेत होता. तरीही १९१२ सालीं तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेंटाळलें गेलें. संस्थानें मात्र पुढें गेलीं होतीं. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९३ मध्यें अमरेली तालुक्यांत सक्तीचा प्रयोग करून १९०६ मध्यें तो राज्यभर लागू केला. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला.

ब्रिटिश मुलखांत विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें १९१८ चा कायदा झाला, पण तो म्युनिसिपालिट्यांपुरता. खेड्यांची पाळी १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानें आली. त्यावेळीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे शिक्षणमंत्री होते. या कायद्यानें स्कूल बोर्डें निर्माण झालीं व मास्तर त्यांच्या सत्तेखालीं आले. सक्तीची योजना आंखणें अद्यापि स्थानिक संस्थेच्या खुषीवर होतें. १९४७ च्या कायद्यानें प्राथमिक शिक्षणाचा भार सरकारनें अधिक स्पष्टपणें उचलला. १९६१ च्या कायद्यान्वयें जिल्हा परिषदा आल्या. आणि मुलाचा हक्क म्हणून न्यायालयांत मागतां येईल असें शिक्षण २००९ च्या कायद्यानें, १ एप्रिल २०१० पासून, मिळालें. पट्टीची सक्ती १८६३ ची आणि हक्काची प्राप्ति २०१० ची. मध्यें जवळजवळ दीडशें वर्षें गेलीं.

संग्राहकांस या क्रमाचा एक प्रत्यक्ष उपयोग आहे. मास्तराच्या नेमणुकीचा अगर बदलीचा कागद तारखेचा भाग फाटून हातीं आला, तर हुकूम कोणाचा हें पाहावें. खेड्यांतील मास्तरास डेप्युटी इन्स्पेक्टराचा हुकूम असेल, तर कागद बहुतकरून १९२३ च्या आधींचा. स्कूल बोर्डाचा असेल, तर त्यानंतरचा. जिल्हा परिषदेचा असेल, तर १९६२ च्या अलीकडचा. अक्षरवळण व कागदाची जात यांबरोबर हीही खूण जमेस धरावी.

सनदेस जो मान मिळतो तो साऱ्याच्या पावतीस मिळत नाहीं, आणि शाळांचे जुने हजेरीपट तर सरसहा रद्दींत जातात. आमच्या मतें हे दोन कागद एकाच प्रकरणाचे दोन भाग आहेत: एकांत पैसा कोणीं दिला तें लिहिलें आहे, दुसऱ्यांत वर्गांत कोण बसलें तें. ज्या गांवचे दोन्ही उपलब्ध आहेत, तेथें पट्टी देणाऱ्या कुळांचीं नांवें व पटावरील मुलांचीं नांवें शेजारीं शेजारीं मांडून पाहावीं. फुल्यांनीं सर्व इलाख्याविषयीं केलेलें विधान त्या गांवापुरतें किती खरें होतें, हें मग अनुमानानें सांगावें लागणार नाहीं. तें मोजून दाखवितां येईल. ज्यांच्या संग्रहीं असे गठ्ठे असतील, त्यांनीं ते निकामी समजून टाकूं नयेत, एवढीच आमची विनंति आहे.