एक घर, तीन हवामानं!

परदेशात ‘स्मार्ट झोन हीटिंग’ची चलती आहे. आपल्या वऱ्हाडात हीटर कोणाला हवाय? पण फंडा मात्र तोच उचला, आणि उलटा फिरवा. अकोला-अमरावतीच्या उन्हाळ्यासाठी स्मार्ट झोन कूलिंगचा हा देशी मंत्र!

अमेरिकेतला माझा मावसभाऊ व्हिडिओ कॉलवर भारी भाव खात होता. त्याच्या घरात म्हणे प्रत्येक खोलीचं तापमान वेगळं. बेडरूम १८, हॉल २१, आणि रिकामी गेस्टरूम नुसती कोमट. सगळं मोबाइलवरून! मी म्हटलं, “दादा, तू मे महिन्यात अकोल्यात येऊन दाखव.”

थट्टा सोडा, पण आयडिया सॉलिड आहे, आणि ती आजची नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वॉरेन जॉन्सन नावाचे एक शिक्षक होते. कुठला वर्ग गारठलाय आणि कुठला तापलाय हे बघायला शिपाई खोलीखोलीतून फिरायचा आणि मग तळघरातली भट्टी कमी-जास्त व्हायची. या कटकटीतून जॉन्सनना खोलीतल्या इलेक्ट्रिक थर्मोस्टॅटची कल्पना सुचली. त्याचं पेटंट त्यांनी १८८३ साली घेतलं. २०११ मध्ये नेस्ट नावाचा ‘शिकणारा’ थर्मोस्टॅट आला आणि हे प्रकरण फोनपर्यंत पोचलं. मूळ सूत्र मात्र तेच राहिलं : अख्खं घर नाही, माणूस जिथे आहे तेवढीच खोली, आणि माणूस आहे तेवढाच वेळ.

आता हेच सूत्र आपल्याकडे लावून बघू.

आपला पारा, आपला प्रॉब्लेम

मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला आणि जिल्हा प्रशासनाने उष्णतेच्या लाटेमुळे चक्क कलम १४४ लावलं. दंगलीसाठी ऐकलेलं कलम उन्हासाठी! अमरावतीकरांनी हसू नये, त्यांचाही पारा फार मागे नसतो.

मी नोकरीसाठी अमरावतीत, आईबाबा अकोल्यात. त्यांचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. एसी एकच, तोही हॉलमध्ये, पाहुण्यांच्या मानासाठी. आईची झोपायची खोली पश्चिमेला. कधीही फोन करा, उत्तर ठरलेलं : “काहून वं बाई, मले पंखा पुरते. एसीचं बिल कोन भरन?”

गेल्या उन्हाळ्यात मी तिच्या खोलीत तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा वायफाय सेन्सर चिकटवला. अमरावतीत ऑफिसात बसून फोनवर आकडे बघते तर काय, संध्याकाळी सहाला तिची खोली ४० वर! रात्री अकराला बाहेर वारा सुटलेला, पण खोली अजून ३७. दिवसभर तापलेली स्लॅब रात्रभर ती उष्णता आत सोडत होती.

इथे पंखा पुरत नाही, हे मी म्हणत नाही, जागतिक आरोग्य संघटना म्हणते. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा शरीराला गार करण्याऐवजी आणखी तापवतो. त्यात वय वाढलं की तहान कमी लागते, घामही कमी येतो. म्हणजे घरातला सगळ्यात नाजूक माणूस सगळ्यात तापलेल्या खोलीत, आणि एसी पाहुण्यांची वाट बघत हॉलमध्ये. तुमच्या घरीही असंच आहे का? एकदा बघाच.

घराचे तीन झोन पाडा

नवीन मशिन घ्यायच्या आधी कागद घ्या. कोण, कुठे, किती वाजता बसतं-झोपतं ते लिहा. आमच्या घराचे तीन झोन निघाले.

पहिला, आईबाबांची खोली : दुपारी १ ते ५ आणि रात्री. हा झोन नंबर वन, इथे काटकसर बंद. दुसरा, हॉल : संध्याकाळी ७ ते १०. तिसरा, माझी जुनी खोली : मी शनिवार-रविवारी गेले तरच. बाकी पाच दिवस दार बंद, पडदे ओढलेले.

मग हॉलचा एसी काढून आईबाबांच्या खोलीत लावला आणि हॉलला कूलर दिला. पाहुणे अजून तरी रागावलेले नाहीत.

कूलर की एसी? दोन्ही, पण एका खोलीत नाही!

आपला डेझर्ट कूलर म्हणजे वऱ्हाडाची शान. पुण्या-मुंबईच्या दोस्तांना त्याची किंमत कळायची नाही, कारण हे यंत्र कोरड्या हवेतच चालतं. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण पाऊण युनिट विजेइतकी उष्णता हवेतून खेचून घेतं. बाहेर ४४ आणि हवा खणखणीत कोरडी असेल, तर चांगला कूलर २७-२८ ची हवा फेकतो. वीज? तासाला ०.२ युनिटच्या आसपास. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असताना तासाला साधारण दीड युनिट खातो.

पण कूलरच्याही अटी आहेत. एक, समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर ओली हवा आतच कोंडते. दोन, पाणी. मोठा कूलर भर दुपारी तासाला १०-२० लिटर पाणी पितो. काटेपूर्णा धरणाच्या पाण्याची वाट बघणाऱ्या अकोलेकरांना हे वेगळं सांगायला नको. तीन, जूनमध्ये ढग आले की कूलरचा खेळ खल्लास. नुसती चिकचिक.

आणि एकाच खोलीत एसी आणि कूलर एकत्र? नाही म्हणजे नाही. कूलर हवेत पाणी सोडतो आणि एसी बिचारा तेच पाणी काढत बसतो. बिल मात्र तुमचं.

आता यात ‘स्मार्ट’ काय?

फार काही नाही, तीन वस्तू. खोलीत सेन्सर. एसीसाठी वायफाय रिमोट, म्हणजे तुमच्या जुन्या रिमोटचे सिग्नल पाठवणारी डबी. आणि कूलरसाठी १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग. हजार-दीड हजाराच्या आसपास एकेक वस्तू मिळते. नवीन एसी घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

मग फोनमध्ये नियम टाकायचे. खोली ३४ च्या वर गेली की एसी २६ वर चालू, सोबत पंखा हळू. दुपारी पाचला बंद. रात्री साडेदहाला पुन्हा चालू, पहाटे चारला २७. हॉलमधली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की कूलर बंद आणि मला मेसेज. आईला कुठलंही बटण दाबावं लागत नाही आणि ‘कशाला लावू’ हा प्रश्नही येत नाही. भिंतीवरचा साधा रिमोट मात्र तिच्या हाताशी ठेवलाय. घर तिचं आहे, अमरावतीतून मी तिच्यावर राज्य करायचं नाही!

एक खास टिप : कूलर घुमवायच्या बटणाचा असेल तरच स्मार्ट प्लग कामाचा. टच पॅनेलवाला कूलर वीज परत आली तरी आपोआप सुरू होत नाही. लाइट गेली की वायफायही जातं, म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावा.

बिलाचं गणित

महावितरणचे घरगुती टप्पे आठवा : १००, ३००, ५०० युनिट. टप्पा ओलांडला की वरच्या युनिटचा दर उडी मारतो. दोन खोल्यांत रात्रभर एसी म्हणजे ५०० कधी ओलांडले ते कळतही नाही. एकाच झोनमध्ये एसी ठेवला तर फरक बिलावर दिसतो.

सेट तापमानाचाही हिशोब आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्यानुसार एक अंश वर ठेवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून नवीन एसी २४ अंशांच्या सेटिंगवर सुरू होतात. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होते हा आपला गोड गैरसमज. ती फक्त जास्त वेळ गार होत राहते.

तुमच्याकडे टीओडी स्मार्ट मीटर बसलं असेल तर आणखी एक गंमत. १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत महावितरणने जाहीर केली. आईबाबांची दुपार नेमकी याच वेळेत येते. तुमच्या बिलावर ती दिसते का, तपासा.

या वीकेंडला करून टाका!

* सगळ्यात आधी अर्थिंग. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या येतात. इलेक्ट्रिशियनला बोलावून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. पाणी भरताना प्लग काढायचाच.
* साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर एसी चालवू नका, प्लग वितळतो.
* कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूच्या डासाला साचलेलं स्वच्छ पाणी फार आवडतं.
* आधी पाच-दहा मिनिटं नुसता पंप, मग फॅन. कूलरचं गवत भिजल्याशिवाय गार हवा येत नाही.
* गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग द्या. स्लॅब कमी तापली तर एसीचं कामही कमी.
* पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटई किंवा ग्रीन नेट लावा. ऊन आत येऊन पडद्यावर अडवण्यापेक्षा बाहेर अडवलेलं बरं.

आणि सेन्सर एकच घेणार असाल तर तो स्वतःच्या बेडरूममध्ये लावू नका. घरातलं जे माणूस ‘मले काही होत नाही’ म्हणतं, त्याच्या उशाशी लावा.