कात्रजचं पाणी अन् शनिवारचा वाडा

मुलांनो, सुट्टीत उदयपूरला जाऊन आलेलं कुणी तुमच्या वर्गात आहे का? असेल तर त्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. पिछोला तलाव, काठावरचा राजवाडा, पाण्याच्या मधोमध तरंगत असल्यासारखा दिसणारा तो पांढराशुभ्र जगनिवास! महाराणा जगतसिंह दुसरे यांनी तो बांधून घेतला, 1746 साली. फोटो पाहून आपण म्हणतो, ‘नाहीतर आपलं पुणं! इथे कुठलं आलंय तळं आणि कुठला राजवाडा?’

थांबा, थांबा. उदयपूरचा तो महाल उभा राहिला, जवळपास त्याच काळात पुण्यातही एक मोठं तळं खोदलं जात होतं. त्यातही एक बेट होतं. आणि राजवाड्यांचं म्हणाल तर ते पुण्यात एक सोडून कितीतरी होते. मग गेलं कुठे सगळं? चला, एका रविवारी शोधायला निघू. पण नेहमीसारखं शनिवारवाड्यापासून सुरुवात करायची नाही. आपण जायचं पाण्याच्या मागोमाग. म्हणजे सुरुवात करायची कात्रजपासून.

कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. (बुधवारी जाऊ नका, बंद असतं.) वाघ, हत्ती, सर्पोद्यान बघता बघता आपण ज्या तलावाजवळ येतो, त्याच्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. तोच आपल्या गोष्टीचा नायक! बाजीरावांचे चिरंजीव नानासाहेब पेशवे यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, इथे ओढ्याचं पाणी बांध घालून अडवलं. एक नाही, दोन तलाव केले. वरच्या तलावात गाळ खाली बसायचा आणि त्यातलं निवळ पाणी खालच्या तलावात यायचं.

आता तुम्ही विचाराल, पुण्याला मुठा नदी असताना एवढ्या लांबून पाणी कशाला आणायचं? तर नदी होती सखल भागात. तिचं पाणी घागरीने वर वाहून आणावं लागे, आणि उन्हाळ्यात तर तीही आटायची. तिकडे पुणं भराभर वाढत होतं. नवनव्या पेठा वसत होत्या. माणसं, घोडे, हत्ती, बागा, सगळ्यांनाच पाणी हवं! कात्रज मात्र शहरापेक्षा उंचावर. मग उतारच कामाला लावला. कात्रजपासून थेट शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगड-विटांचा आणि चुन्याचा नळ बांधला. नळ म्हणजे आपल्या घरचा तोटीचा नळ नव्हे हं! आतून माणूस चालत जाऊ शकेल एवढा हा भुयारासारखा नळ. ना पंप, ना वीज. आठ-दहा किलोमीटर पाणी आपलं आपण वाहत यायचं.

यातलं खरं कौशल्य कशात आहे सांगू? उतार किती ठेवायचा यात. फार ठेवला तर पाणी जोरात धावून नळाच्या भिंती खरवडणार, अगदीच कमी ठेवला तर गाळ साठून नळ तुंबणार. घरी करून बघा. दोन हात लांबीची, अर्धी चिरलेली नळी घ्या. एक टोक किंचित उचलून त्यातून मातीचं गढूळ पाणी सोडा. मग टोक आणखी उचला. माती कधी तळाशी बसते आणि कधी वाहून जाते, ते तुमच्या डोळ्यांनी दिसेल. (आईला विचारूनच करा, फरशी पुसावी लागेल!)

या नळावर ठरावीक अंतराने दगडी चौकोनी बुरुजासारखी बांधकामं केली होती. त्यांना म्हणतात उच्छ्वास. किती छान शब्द आहे बघा! भुयारातली कोंडलेली हवा तिथून बाहेर पडे. शिवाय तिथे खाली खड्ड्यात गाळ बसे आणि माणूस आत उतरून तो साफ करी. शहरात आल्यावर हे पाणी जागोजागच्या हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं ऐकलीत ना? बसचा कंडक्टर ‘फडके हौद’ म्हणून ओरडतो, तेव्हा तिथे खरोखरीच हौद होता, हे कितीजणांच्या लक्षात येतं? हे पाणी काही फक्त वाड्यातल्या मंडळींपुरतं नव्हतं. पेठांमधली माणसं याच हौदांवर घागरी घेऊन येत.

आता कात्रजहून बस पकडा आणि सातारा रस्त्याने पर्वतीला या. पायऱ्या मोजत चढा. साधारण 103 भरतील. वरचं देवदेवेश्वराचं देऊळ नानासाहेबांनीच 1749 मध्ये बांधलं. पानिपतचा घाव सहन न होऊन 23 जून 1761 रोजी त्यांचा मृत्यू झाला, तोही इथेच, पर्वतीवर. दर्शन झालं की कठड्याशी उभं राहून खाली बघा. सारसबागेची हिरवी झाडी दिसते ना? ते होतं पर्वतीचं तळं!

हे तळं केलं आंबील ओढ्याच्या पाण्यावर. पूर्वी हा ओढा जुन्या कसब्याच्या पश्चिम अंगाने, म्हणजे गावाला अगदी खेटून वाहायचा आणि पावसाळ्यात गावात शिरायचा. नानासाहेबांनी त्याला पर्वतीपाशी वळवून गावाबाहेरून मुठेकडे नेलं आणि इथे सुमारे 25 एकरांचं तळं बांधलं. काम फार रेंगाळलं, तेव्हा एके दिवशी पेशवे स्वतःच हत्तीवरून खाली उतरून दगड उचलायला लागले, मग काय, बरोबरच्या सरदारांनाही पागोटी सावरत दगड उचलावे लागले, अशी एक गोष्ट सांगतात. खरी असो-नसो, मला ती फार आवडते.

तळ्याच्या मधल्या बेटावर 1784 मध्ये गणपती बसवला तो सवाई माधवरावांनी. तेव्हा त्यांचं वय किती असेल? त्यांचा जन्म 1774 चा. करा वजाबाकी! आपल्या पाचवीतल्या मुलाएवढा पेशवा. या मुलाला प्राण्यांचं भारी वेड. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता, त्यात सिंह होते, गेंडा होता. गंगाराम तांबट नावाच्या पुण्याच्या चित्रकाराने 1790 मध्ये त्या गेंड्याचं चित्र काढलं, ते आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

तळं पुढे गाळाने भरत गेलं, आटलं, बुजवलं गेलं आणि त्या जागी बाग झाली. गणपतीला मात्र आजही सगळे ‘तळ्यातला गणपती’च म्हणतात. (थंडीत त्याला स्वेटर आणि कानटोपी घालतात, तेव्हा अवश्य बघायला जा.) शेजारी 1953 मध्ये पेशवे पार्क झाला, 1956 मध्ये ‘फुलराणी’ धावू लागली. तुमच्या आई-बाबांनी पहिला वाघ बहुतेक इथेच पाहिला असेल. नंतर इथले प्राणी हलवले, ते कुठे? कात्रजला, त्याच जुन्या तलावाच्या काठी! पाणी कात्रजहून पर्वतीकडे आलं आणि प्राणी पर्वतीहून कात्रजला गेले.

पण मुलांनो, तळं बुजलं तरी ओढा बुजत नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या बाजूला धो धो पाऊस पडला आणि आंबील ओढा एकाएकी फुगला. काठाने घरं, भिंती, दुकानं अगदी दाटीवाटीने उभी. पाण्याला पसरायला जागाच नाही. सहकारनगर, दांडेकर पूल, सगळीकडे पाणी घराघरांत शिरलं. गाड्या वाहून गेल्या, भिंती कोसळल्या, अनेकांचे जीव गेले. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर ‘कोण हा आंबील ओढा?’ असं विचारणारे पुणेकर मी ऐकले आहेत. अडीचशे वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी एक अख्खं तळं बांधलं, तो ओढा आपण नकाशावरसुद्धा शोधत नाही. तुम्ही शोधा. घरी शहराचा नकाशा असेल तर निळ्या पेन्सिलीने कात्रजपासून मुठेपर्यंत तो रंगवा आणि त्यापासून तुमची शाळा किती लांब आहे ते मोजा.

पर्वतीवरून थेट शनिवारवाड्याला न जाता वाटेत विश्रामबागवाडा बघा. दुसऱ्या बाजीरावांचा हा वाडा. बाहेरचे सुरूच्या झाडासारखे लाकडी खांब आणि त्यांच्या डोक्यावरचं नक्षीकाम मान वर करून नीट पाहा. लाकडात असं काम करणारे हात होते आपल्याकडे! पेशवाई गेल्यावर 1821 मध्ये इथेच संस्कृत पाठशाळा भरू लागली. राजवाड्यात शाळा! (आमच्या शाळेचं छप्पर गळतं तेव्हा मला याच वाड्याची आठवण येते.)

आणि आता शनिवारवाडा. 10 जानेवारी 1730 रोजी, शनिवारी पाया घातला, 22 जानेवारी 1732 रोजी, शनिवारीच वास्तुशांत झाली. खर्च आला 16,110 रुपये. सागवान जुन्नरच्या जंगलातलं, दगड चिंचवडचा, चुना जेजुरीचा. दिल्ली दरवाजाचे खिळे मोजण्यापेक्षा ते एवढे टोकदार कशासाठी, ते विचारा. हत्तीने धडक मारून दार फोडू नये म्हणून! आत मात्र पहिल्यांदा येणारी मुलं हिरमुसतात. ‘बाई, वाडा कुठाय?’ आहेत त्या नुसत्या जोत्यांच्या रांगा. 27 फेब्रुवारी 1828 रोजी वाड्याला आग लागली आणि सात दिवस तो जळत राहिला. एवढं सागवान म्हटल्यावर दुसरं काय होणार? कात्रजचं पाणी दारापर्यंत येत होतं, तरी त्या आगीपुढे ते पुरलं नाही.

त्या जोत्यांमधून चालत हजारी कारंज्यापाशी या. छोट्या सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी बांधलेलं हे कमळाच्या आकाराचं कारंजं. उंचावरून आलेलं पाणी बारीक नळीतून सोडलं की उसळी मारतं, हे नळाला रबरी पाइप लावून त्याचं तोंड दाबणाऱ्या कुणालाही सांगायला नको! त्या कमळाला पाकळ्या आहेत सोळा. कठड्याशी उभं राहून एका पाकळीवर नजर ठेवा आणि तिथून मोजायला सुरुवात करा. पंधराच भरल्या तर मधेच कुणीतरी बोललं असेल. पुन्हा मोजा.