संज्ञाहरणोत्तर काळातील प्राणवायूची न्यूनता आणि रुग्णाची शयनस्थिती

हर्निया, अर्श, भगंदर यांसारख्या शस्त्रकर्मांनंतर रुग्णास त्याच दिवशी अथवा दुसऱ्या सकाळी घरी पाठविण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. पूर्वी जो काळ रुग्ण परिचारिकेच्या नजरेखाली काढीत असे, त्यातील बराचसा तो आता घरच्या खाटेवर काढतो. रात्री नऊ-दहाच्या सुमारास ‘पेशंट फार झोपेत आहे, उठवलं तर बरळतो’ असा निरोप येतो तो शेजारच्या वैद्याकडे किंवा कोपऱ्यावरच्या औषधविक्रेत्याकडे. म्हणून हा विषय केवळ भूलतज्ज्ञांचा राहिलेला नाही.

प्रथम शरीरक्रिया पाहू. उभ्या असलेल्या प्रौढ मनुष्याच्या फुप्फुसांत नेहमीचा श्वास सोडल्यानंतरही सुमारे अडीच ते तीन लिटर हवा शिल्लक राहते. ही प्राणवायूची ठेव होय. उताणे निजताच उदरस्थ अवयव श्वासपटलाला वर ढकलतात व ही ठेव पाऊण ते एक लिटरने घटते. सार्वदेहिक भूल दिल्यावर आणखी सुमारे अर्ध्या लिटरने. फुप्फुसांच्या पाठीकडील भागातील वायुकोश मिटू लागतात. भूल दिलेल्या दहांपैकी नऊ रुग्णांत हे थोड्याफार प्रमाणात घडतेच. मिटलेल्या वायुकोशांभोवती रक्त वाहत राहते, पण प्राणवायू न घेताच परतते. त्यातच भुलीचा अंमल उतरलेला नसल्याने जीभ व मृदुतालु मागे पडून श्वासमार्ग अरुंद होतो आणि अफूवर्गीय वेदनाशामकांनी श्वासाची गती मंदावते. (येथे प्राणवायू हा शब्द ऑक्सिजन या व्यवहारातील अर्थाने योजला आहे, पंचप्राणांतील प्राणवायूशी त्याची गल्लत करू नये.)

यातील बहुतेक कारणे उताण्या स्थितीने वाढतात, आणि स्थिती बदलण्यास औषध लागत नाही, हेच आम्हांस सांगावयाचे आहे. अर्धवट झोपेतील रुग्णास कुशीवर वळवावे, वरचा गुडघा वाकवून पुढे घ्यावा, हनुवटी किंचित वर ठेवावी, म्हणजे जीभ पुढे येते व उलटी झाल्यास ती श्वासनलिकेत न जाता बाहेर पडते. पूर्ण शुद्धीत असलेल्या, विशेषतः स्थूल रुग्णाचे डोके व छाती सुमारे ३० अंश उंच करावी. मात्र जाड उशी केवळ डोक्याखाली कोंबू नये. हनुवटी छातीला टेकते आणि मार्ग अधिकच बंद होतो. घरोघरी प्रेमापोटी हेच केले जाते. कण्यात भूल दिलेल्या रुग्णास डोकेदुखी टळावी म्हणून दिवसभर सपाट निजविण्याचा आग्रहही आता सोडावा. सपाट निजल्याने ती डोकेदुखी टळत नाही, हे सिद्ध झाले आहे. मात्र पायांत पूर्ण बळ येईपर्यंत त्यास एकट्याने उठू देऊ नये.

लोअर परळसारख्या भागात या विषयाला आणखी एक पदर आहे. १९८२ च्या संपाच्या वेळी तिशीत असलेला गिरणी कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. ब्लो-रूम व कार्डिंग खात्यात ज्यांनी वर्षानुवर्षे कापसाची धूळ श्वासावाटे घेतली, त्यांच्यापैकी अनेकांना बिसिनोसिस जडला. सुटीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी छाती आवळणे ही त्याची सुरुवातीची खूण. त्यात विडी आणि एखाद्याचा जुना राजयक्ष्मा. अशा रुग्णाचे शुद्धीतील, भुलीपूर्वीचेच प्रमाण ९१-९२ टक्के असू शकते. त्याची ठेव आधीच रोडावलेली. एकाच बाजूचे फुप्फुस निकामी असेल, तर निरोगी बाजू खाली ठेवून निजवावे, कारण रक्त खालच्या फुप्फुसाकडे अधिक वाहते. ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत खाट भिंतीला लागूनच असे, तेव्हा कोणती कूस हे आधी ठरवून मगच खाट लावावी, असे आम्ही नातेवाइकांस सांगत आलो.

पल्स ऑक्सिमीटर करोनाच्या साथीत घरोघरी पोहोचले. त्यावरील ९० टक्के म्हणजे धमनीतील प्राणवायूचा दाब साधारण ६० मिलिमीटर पारा. त्याखाली घसरण झपाट्याने होते. गार बोटे, नखांवरील रंग, गडद मेंदी यांनी आकडा चुकतो; विडी ओढणाऱ्यात तो प्रत्यक्षाहून अधिक दिसू शकतो. ऑक्सिजन चालू असताना आकडा चांगला दिसूनही श्वास मंद पडत गेलेला असू शकतो. म्हणून मिनिटाला श्वास किती, हे घड्याळ धरून मोजावे. एप्रिल २०२१ मध्ये पालथे निजण्याचा सल्ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दिला होता तो करोनाच्या रुग्णांसाठी. उदरावर ताजा व्रण असताना तो लागू करू नये.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील व्रणितोपासनीय अध्यायात निवात गृह, ऐसपैस शय्या, दिवास्वापाचा निषेध आणि कूस पालटताना घ्यावयाची काळजी सांगितली आहे. सुहृदांनी गोष्टी सांगून वेदना विसरावयास लावावे असेही म्हटले आहे. त्यांचा हेतू व्रणरक्षणाचा होता. ऑक्सिजनचे ज्ञान त्यांत शोधणे हा अट्टाहास ठरेल. तथापि रुग्णाशी बोलत राहिल्याने तो जागा राहतो व खोल श्वास घेतो, हा लाभ पदरात पडतोच.

सर्वांत घातक प्रसंग तळमळीचा. रुग्ण हातपाय आपटतो, कपडे ओढतो, असंबद्ध बोलतो. घरचे म्हणतात वेदना होत आहेत, झोपेचे काहीतरी द्या. ही तळमळ पुष्कळदा प्राणवायूच्या न्यूनतेची असते आणि अशा वेळी दिलेली झोपेची गोळी उरलासुरला श्वासही मंदावते. म्हणून आधी ऑक्सिमीटर, मग स्थिती, मग श्वासाची गणना. अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल, कोडीनयुक्त कफ सिरप यांपैकी काहीही शस्त्रवैद्याच्या लेखी सूचनेवाचून दिले जाऊ नये. आपल्याकडील सर्पगंधा, तगर, जटामांसी, विजया यांचे योग आणि आसवारिष्टेही पहिल्या २४ तासांत टाळावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. कुशीवर वळवून, डोके उंच करूनही आकडा मूळच्या प्रमाणापर्यंत येत नसेल, ९० च्या खाली जात असेल, श्वास मिनिटाला १० हून कमी असतील किंवा रुग्ण हाकेला ओ देत नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व ती येईपर्यंत कूस सोडू नये. मोठ्या शस्त्रकर्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीही झोपेत प्रमाण घसरू शकते. तेव्हा पहिली रात्र सुखरूप गेली म्हणून ऑक्सिमीटर कपाटात ठेवू नये.

भुलीपूर्वी व घरी सोडताना आकडा किती होता, हे रुग्णालयाच्या कागदावर पुष्कळदा नसते. रुग्ण शस्त्रकर्मापूर्वी आपल्याकडे आला असेल, तर आपणच तो मोजून त्याच्या चिठ्ठीवर लिहून द्यावा.